नाकेवाल्या बाई आणि एक नंबरची संत्री

बोलणाऱ्या माणसाला वाक्याच्या ऐन मध्यात अडवण्याचा अधिकार आमच्या नाकेवाल्या बाईंना कोणी दिला नव्हता, आणि तो त्यांच्याकडून काढून घेण्याची कोणाची छातीही नव्हती. "थांबा," त्या म्हणत. "इथवर आलात ना? आता या घडीला तुमच्या हातात काय आहे, तेवढंच सांगा." कारखान्याचे मालकसुद्धा तोंड अर्धे उघडे ठेवून थांबत आणि हातात काय आहे ते शोधू लागत. बहुधा काही नसे.

बाई गेल्या महिन्यात गेल्या. त्यांच्या शोकसभेत नाना खेडकरांनी, जे त्या काळी आमच्या कारखान्याची विक्री सांभाळत, रुमालाने डोळे टिपत सांगितले की बाई हुशार खऱ्या, पण काटोलला चालते यंत्र त्यांनी भर गिऱ्हाइकासमोर बंद पाडले. सभा हळहळली. मी उठून उभा राहिलो, तोवर अध्यक्षांनी आभार मानून टाकले होते. चहाला उशीर होत असावा. जे तिथे बोलू दिले नाही ते इथे लिहितो. त्या यंत्राचा पट्टा, रूळ आणि झडप माझ्या हातची होती. खेडकरांच्या हातचे त्यात फक्त माहितीपत्रक होते.

आमचा कारखाना नागपुरात हिंगणा रस्त्यावर होता. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. संत्री आकाराप्रमाणे निवडणारे यंत्र आम्ही बांधत होतो. पट्ट्यावरून संत्रे येई, दिवा आणि त्याच्यासमोरचा विजेचा डोळा यांच्यामधून जाताना मापले जाई, आणि पुढे झडप वळून मोठ्याला एक नंबरच्या आणि बारक्याला दोन नंबरच्या पेटीत लोटत असे. झडपेला हुकूम देणारा प्रोग्रॅम बाईंचा. बर्डीवरच्या दुकानांतून वेचून आणलेल्या सुट्या भागांचा तो बोर्ड त्यांनी स्वतः जोडला होता. त्यावर आकड्यांची बटणे आणि लाल अंकांची एक चिमुकली पट्टी होती, आणि पोटात होता डिबगर.

डिबगर म्हणजे चूक शोधणारे यंत्र, असे खेडकर तेव्हा गिऱ्हाइकांना सांगत आणि आता नातवंडांना सांगतात. दोन्ही वेळा चूक. डिबगर काहीही शोधत नाही. तो धावत्या प्रोग्रॅमला अडवतो आणि पुन्हा सोडतो. शोधायचे ते माणसाने. बाईंनी मला हे जकात नाक्याच्या दाखल्याने समजावले होते. "प्रोग्रॅम म्हणजे ओळीने मांडलेले हुकूम. त्यातला एक मी उचलते, बाजूला जपून ठेवते आणि त्याच्या जागी माझा शिपाई उभा करते. प्रोग्रॅम धावत तिथे पोचला की शिपाई त्याला धरून माझ्याकडे आणतो. मी त्याचे खिसे तपासते, कुठे काय ठेवलंय ते बघते, वाटलं तर एखादी वस्तू बदलते. मग मूळ हुकूम जागेवर ठेवून त्याला एकच पाऊल टाकू देते, शिपाई परत उभा करते आणि म्हणते, जा."

"त्याला कळत नाही?" मी विचारले.

"ट्रक ड्रायव्हरला कळतं, कारण त्याच्याजवळ घड्याळ असतं. याच्याजवळ नाही. डोळा लागला आणि उघडला, एवढंच."

अशा या नाक्यांवरून बाईंचे नाव पडले. त्यांची एक रीत मात्र कोणत्याही पुस्तकात सापडायची नाही. एक नाका बसवला की त्या अंबाड्यातला एक आकडा काढून टेबलावर ठेवत, आणि नाका उठवला की तो परत केसांत खोवत. विसरलेला नाका प्रोग्रॅमबरोबर चिपमध्ये कायमचा गेला तर बाहेरगावी यंत्र त्या जागी आडवे होणार, आणि त्याला उठवायला डिबगर तिथे नसणार; म्हणून ही खबरदारी. अंबाडा डगमगू लागला की प्रोग्रॅम अवघड आहे हे आम्ही ओळखत असू, आणि एकदा केस पाठीवर मोकळे सुटले तेव्हा मालकांनी आपण होऊन चार दिवसांची मुदत वाढवून दिली.

यंत्रात एक खोड होती. अधूनमधून एखादे थोराड संत्रे दोन नंबरात पडे. बाई म्हणत, झडप अडकते. मी म्हणे, प्रोग्रॅम अडकतो. आमचे यावरून रोज वाजे. बाई नाका बसवत, मी पट्टा सांभाळून चालवी, आणि त्या खेपेला सारे सुरळीत होई. डॉक्टर दिसताच ताप उतरलेल्या रोग्यासारखे. तेवढ्यात हंगाम आला आणि मालकांनी स्पष्ट सांगितले: यंदा काटोलचे यंत्र गिऱ्हाइकाने घेतले नाही, तर इलेक्ट्रॉनिक्सची खोली मोकळी करून तिथे वेल्डिंगचे सामान ठेवायचे. खोलीबरोबर बाईंची नोकरीही जाणार होती, आणि असले काम देणारे दुसरे दार त्या काळी नागपुरात नव्हते.

काटोलचे गिऱ्हाईक म्हणजे भाऊराव, संत्र्यांचे बडे व्यापारी. त्यांच्या गोदामात यंत्र मांडले. सकाळी बाईंनी शेवटची तपासणी म्हणून झडपेच्या हुकुमापाशी नाका बसवला. एक मोठे संत्रे आले, झडप एक नंबराकडे वळली, शिपायाने प्रोग्रॅमला धरले, मी पट्टा थांबवला. आम्ही दोघे मागच्या बाजूला तारा बघायला गेलो. इतक्यात भाऊराव आले, आणि खेडकरांनी कोणालाही न विचारता पट्ट्याची मोटर सुरू केली.

आता इथे सभेतल्या मंडळींनी कान द्यावा. प्रोग्रॅम थांबला म्हणून संत्री थांबत नाहीत. झडप वळली होती ती वळलेलीच राहिली. मोठे, मधले, लिंबाएवढे, जे आले ते एक नंबराच्या पेटीत पडत गेले.

भाऊराव हरखले. "वा गा खेडकर. सारीच एक नंबर निघून राहिली. मानसं लावली की निम्मा माल दोन नंबरात फेकते. याले म्हनते मशीन."

"म्हटलं होतं नं भाऊ," खेडकर म्हणाले. "तुमचा मालच तसा आहे."

मी पुढे आलो आणि टेबलावर पडलेला आकडा पाहिला. बाईंनीही पाहिला. खेडकर आमच्याजवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, आता काहीच बोलू नका. सही करून राहिले ते. खोली वाचली तुमची."

बाई काही क्षण पट्ट्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मोटरचे बटण दाबून पट्टा थांबवला. "भाऊराव, हे यंत्र चालू नव्हतं. मी त्याला अडवून ठेवलं आहे. ते काहीच निवडत नव्हतं, वाहून नेत होतं."

"बंद होतं?" भाऊरावांनी पेटीतले एक बारके संत्रे उचलले. "मंग चालू केलं तं काय होते?"

"चालू केलं तर अजून चुकतं. कुठे, ते मला सापडलेलं नाही."

खेडकरांनी कपाळ धरले. हीच ती 'चालते यंत्र बंद पाडल्याची' घटना. भाऊराव मात्र पोत्यावर बसले. "बाजार उठेस्तोवर मी इथंच हाव. शोधा."

आणि पोत्यावर बसल्या बसल्या ते संत्री पट्ट्यावर ओतू लागले, बाजारात ओततात तशी, ओंजळीने. आम्ही कारखान्यात एकेक संत्रे अंतर राखून ठेवत होतो, जणू ती लग्नाच्या पंगतीतली पाने. बाईंच्या कपाळावरची आठी उलगडलेली मी तेव्हा पाहिली. त्यांनी झडपेपासचा नाका उठवला आणि जिथे डोळा नवे माप लिहितो तिथे दुसरा बसवला. "आता प्रोग्रॅम अडला की मी हात वर करीन. त्याच क्षणी पट्टा थांबवा."

मी पट्टा सुरू केला. पहिले संत्रे मोठे होते, त्याला त्यांनी डोळ्यापुढून जाऊ दिले. दुसरे त्याला चिकटूनच आले. हात वर गेला, मी पट्टा थांबवला. बाईंनी बोट दाखवले. मोठे संत्रे अजून डोळा आणि झडप यांच्या मध्ये होते, आणि त्याचे माप प्रोग्रॅमच्या ज्या एकुलत्या खणात ठेवलेले होते, तिथेच मागच्या बारक्याचे माप बसायला निघाले होते. मोठे झडपेपाशी पोचेपर्यंत त्याची ओळखच पुसली गेली असती.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "तुमची झडप निर्दोष आहे."

हे वाक्य मी जन्मभर जपले आहे, आणि खेडकरांनी ते ऐकले होते.

मग बाईंनी बटणे दाबून एका खणाऐवजी मापांची रांग केली: जे आधी आले ते आधी बाहेर पडेल. आकडे परत केसांत गेले. यंत्र धावले, आणि भाऊरावांच्या डोळ्यांदेखत त्यांचा निम्मा माल दोन नंबरात जाऊन पडला. भाऊरावांनी त्या ढिगातले एक संत्रे सोलले, अर्धे बाईंना दिले, अर्धे स्वतः खाल्ले.

"गोड तं हाय."

"आहे," बाई म्हणाल्या. "यंत्राला गोडी कळत नाही. ते फक्त आकार बघतं."

"मंग बराबर हाय. आकार ते पाहीन, गोडी मी पाहीन. राहू द्या मशीन." खेडकरांकडे वळून ते पुढे म्हणाले, "मघाची सारी एक नंबर पेटी मी कलकत्त्याले धाडली असती नं गा, तं तिथल्या अडत्यानं मले दोन नंबरात टाकलं असतं."

खोली वाचली. पुढे कितीतरी हंगाम ते यंत्र चालले, आणि बाई बंगलोरला गेल्यावरही त्यात कोणी हात घातला नाही.

निवृत्तीनंतर त्या एकदा भाचीच्या लग्नाला नागपुरात आल्या होत्या, तेव्हा माझ्या घरी आल्या. मी मोठ्या अभिमानाने काटोलचा विषय काढला आणि म्हणालो की त्या दिवशी तुम्ही जराही डगमगला नाहीत. बाई हसल्या. "डगमगले होते. सगळी संत्री एक नंबरात पडून राहिली होती, तेव्हा मनात म्हटलं, राहू दे. अगदी ठरवलं होतं. मग पट्ट्यावरून एक इतकं बारकं संत्रं आलं, की त्याला एक नंबर म्हणायची मलाच लाज वाटली."

सभेत बोलायला मिळाले असते, तरी हे मी सांगितले नसते. खेडकरांनी ते तोंडी लावायला घेतले असते. पण लिहिताना लपवणे मला जमत नाही. तेव्हा खेडकरांच्या बाजूने एवढे मान्य करतो की त्या गोदामात काही क्षण बाई त्यांच्याच पक्षात होत्या.