सहा कुंड्यांचं ऊन

कुठलंही पान हातात आलं की तो आधी ते गालाला लावायचा, मग बोलायचा. एकदा विभागप्रमुख बाईंच्या टेबलावरच्या फुलदाणीतलं पानसुद्धा त्यानं असंच गालाला लावलं. बाई बघतच राहिल्या. "ताप बघतोय," तो म्हणाला.

आमच्या कोल्हापुरातल्या कॉलेजात तो तासांवर वनस्पतिशास्त्र शिकवायचा. म्हणजे तास असतील तोवर मास्तर, सुट्टी लागली की कुणी नाही. मी तिथलाच प्रयोगशाळेचा शिपाई, माझीही नोकरी तेव्हा हंगामीच. शिपायाला सगळेच मामा म्हणतात, तसा तोही म्हणायचा. मी त्याला सर म्हणायचो. पण आठवायला बसलं की तोंडात 'तो'च येतो, काय करणार.

नेसरीकडच्या एका खेड्यातला. घरात शिकलेला पहिलाच. पीएच.डी. झाली तर कायमची जागा, नाही तर घरी, एवढं सरळ होतं सगळं. मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढणार नव्हती. आणि विषय काय, तर ऊन जास्त झालं की झाड काय करतं. मी म्हटलं, "काय करणार? वाळतं."

"न्हाय मामा. ताटात पडलं म्हणून सगळं पोटात ढकलायचं नसतंय. पान लागतंय तेवढंच ऊन घेतंय. उरलेलं उष्णता करून टाकून देतंय. न्हाय टाकलं तर आतनं जळतंय. टाकून द्यायला शिकाय लागतंय की."

कॉलेजच्या गच्चीवर त्यानं पानवेलीच्या बारा कुंड्या मांडल्या होत्या. पानवेल म्हणजे आपलं विड्याचं पान. तुम्ही पानमळा बघितला असेल तर ठाऊकच असेल, ही वेल सावलीतली. एकदम उन्हात काढली की करपते. सहा कुंड्या त्यानं सावलीत ठेवल्या. उरलेल्या सहांना तो उन्हाची सवय लावत होता. आधी रोज तासभर, मग दोन तास, असं करत एप्रिलअखेर त्या दिवसभर उन्हात. दुपारी डोक्यावर ओला टॉवेल टाकून तो त्यांच्याजवळ वही घेऊन बसायचा. पोरं हसायची. "सर भाजून निघालं," म्हणायची.

पानातून परत निघणारा उजेड मोजायचं एक यंत्र असतं. ते आमच्याकडं नव्हतं, बाहेरून मागून आणायचं होतं आणि मेच्या मध्यावर चारच दिवस मिळणार होतं. त्या चार दिवसांवर त्याची सगळी पीएच.डी. होती.

मेच्या सुरुवातीला त्याची आई गेली. निरोप आला तेव्हा तो गच्चीवरच होता. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "मामा, पाणी तेवढं घाला. बाकी हात लावू नका."

दोन दिवस मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वर गेलो तर उन्हातल्या सहाही वेलींची पानं पिवळसर, कडेनं वळलेली. आणि शेजारच्या सावलीतल्या हिरव्यागार. आई गेलेलं पोर, परत आल्यावर त्यानं हे बघायचं? मी एकेक कुंडी उचलून व्हरांड्यात आणली. ओल्या फडक्यानं पानं पुसली. आठ-दहा दिवसांत वेली अशा तरारल्या की माझं मलाच कौतुक वाटलं.

आईचं पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्धांतलं दिवसकार्य, उरकून तो खोलीवर न जाता थेट कॉलेजात आला. यंत्र त्याच सकाळी आलेलं. मी हौसेनं त्याला व्हरांड्यात नेलं. "बघा सर, कशा टवटवीत केल्यात."

त्यानं एक पान गालाला लावलं. बराच वेळ तसंच धरलं. "किती दिवस झालं हितं आणून?"

"तुम्ही गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी. पिवळ्या पडल्या होत्या. मरत होत्या सर."

"मरत नव्हत्या मामा," तो म्हणाला. "ते पिवळं त्यांनी मुद्दाम धरलेलं. त्या पिवळ्यामुळंच जास्तीचं ऊन टाकता येतंय. शिकल्या होत्या त्या."

तरी त्यानं कुंड्या उन्हात नेल्या. दुसऱ्या संध्याकाळी सहाही वेलींची पानं चट्ट्यांनी पांढरी झाली. चौथ्या दिवशी यंत्र परत गेलं.

बाईंनी त्याला बोलावून विचारलं, कुंड्या हलवल्या कुणी? मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होतो. मला कायम करायचा कागद त्याच आठवड्यात त्यांच्या सहीला होता आणि ते त्याला माहीत होतं.

"मीच मामांना सांगून गेलतो, सावलीत ठेवा म्हणून," तो म्हणाला. "आईच्या गडबडीत चुकलं."

मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही उघडलं.

माझ्या कागदावर सही झाली. त्याची मुदत संपली, जूनपासून त्याचे तास दुसऱ्याला गेले. त्यानं मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्याकडं शिवी दिल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. त्यानं सगळं पोटात ठेवलं. त्या सहांतली जगलेली एक कुंडी तेवढी मला दिली आणि म्हणाला, "दिवाळी झाली की रोज तासभर उन्हात ठेवा. मग दोन तास. शिकेल परत."

मी नाही ठेवली. हात धजला नाही.

पुढं तो एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लागला. एकदा स्टँडवर भेटला, रापून काळा झालेला. मला माफी मागायची होती. त्यानं विचारलं, "वेल कशी हाय?" मी म्हटलं, "बरी हाय." तेवढ्यात त्याची गाडी लागली.

आणखी चार वर्षांनी त्याच्या गावचा एक विद्यार्थी सहज बोलून गेला की सर गेले, हंगाम चालू असतानाच, छातीत दुखून. पुण्यानुमोदनही होऊन गेलं होतं.

त्या रविवारी मी कुंडी अंगणात काढली. तासभर. पुढच्या आठवड्यात दोन तास. दोन-तीन महिन्यांनी पान पिवळसर झालं, कडेनं वळलं. या वेळी मी कुंडी आत घेतली नाही. वाकून एक पान गालाला लावलं, तो लावायचा तसंच, आणि बराच वेळ धरून ठेवलं. मला काहीच कळलं नाही.