आत्या किती चालायची

माझी आत्या बदलापूर गावातून निघायची, बारवी धरणाच्या भिंतीला हात लावून परत यायची, तरी चुलीवरचा चहा उकळलेला नसायचा. अंबरनाथच्या कंपनीत मी हे इतक्यांदा सांगितलं की साहेबसुद्धा तिला भेटायला निघाले होते. त्यांना कसंबसं थोपवलं.

नव्वद सालच्या आगेमागे ती मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात तरुण डॉक्टरने विचारलं, “पडायच्या आधी कशा चालायच्या?”

माझं तोंड सवयीने सुटलं. “घोडीसारखी! धरणापर्यंत!”

डॉक्टर खूश. “मग रॉड टाकू. तिसऱ्या दिवशी उभं करू.”

ओल्या लुगड्याएवढं वजन उरलेल्या त्या बाईने माझं मनगट असं धरलं की आजही तिथे गार लागतं. “मेल्या, जन्मभर माझ्या नावावर थापा मारल्यास, मी हसले. ह्याला खरं सांग. मला चिरायला देऊ नको. माझ्या खाटेवर ने.”

सांगितलं. दीड वर्षं खाट ते मोरी, तेही भिंत धरून. भिंतीवर तिच्या तळव्याचा तेलकट पट्टा पडलाय. पेजेचे चार घास. बसल्याजागी धाप.

डॉक्टरने चष्मा काढला. “हे आधी बोलायचं ना! हे हृदय टेबलावरच थांबू शकतं. पण घरी नेलंत तर त्या आता उठणार नाहीत. दुखणं कमी ठेवता येईल, तेवढंच.” मग तिच्याकडे वाकून विचारलं, “आजी, काय करायचं?”

“घर.”

पायाला चिकटपट्ट्या, त्यांना दोरी, दोरीला खाटेच्या पायथ्याशी लोंबत्या दोन विटा. पाय सरळ राहावा, कळ कमी व्हावी म्हणून. डॉक्टर स्कूटरवरून इंजेक्शन द्यायला यायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून बायको आणि मी तिला कुशीवर वळवायचो. वळवताना वीट खाटेच्या लोखंडी पायाला लागायची. टक्. तिने डोळे मिटले की मी तिला थापेतून धरणाकडे चालवायचो.

“आज कुठवर गेले रे?”

“धरणावर. भिंतीला हात लावलास.”

“चहा?”

“उकळतोय अजून.”

एका दुपारी मी तिला तसंच धरणाच्या भिंतीपर्यंत नेलं आणि थांबलो. तिने चहाचं विचारलं नाही.

त्या डॉक्टरपुढे माझी थाप टिकली असती तर ती जगली असती का, हे मी कुणालाच विचारलेलं नाही. विटा परसात टाकल्या. टक् अजून ऐकू येतं, घरात लोखंडी खाट नसताना. आणि भिंतीवरचा तो पट्टा. तेव्हा मोरीपाशी संपायचा. आईशप्पथ सांगतो, आता तो मोरी ओलांडून मागच्या दारापर्यंत गेलाय, धरणाच्या बाजूला.

बायको म्हणते, “तुमचाच हात आहे तो. आरशात बघा, तुम्ही कसे चालता ते.”