ग्वाल्हेरला गेलेली पेटी

राजधानी एका जागी टिकून बसली, तर ती मध्यभारताची कसली! उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. शिंदे आणि होळकर दोघांचीही मनं राखायची म्हणून मोठ्या लोकांनी ही तोड काढली आणि निस्तरली कारकुनांनी. वर्षातून दोनदा फायली पेट्यांत, पेट्या बैलगाडीत, बैलगाड्या स्टेशनावर आणि मागून वळकट्या सांभाळत सगळे बाबूलोक. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. पण त्या बिचाऱ्याला तरी सरकारी हुकमानं गाव बदलावं लागत नाही.

इंदूरच्या रामबागेतले श्रीपाद रिसबूड अशाच विंचवांपैकी एक. आधी होळकर सरकारच्या मुलकी खात्यात, मग विलीनीकरण झालं तसे मध्यभारताच्या. पण रामबागेत त्यांना कारकून म्हणून कोण ओळखत होतं? गणपतीत मंडळाचं नाटक लागलं की नायिका श्रीपादच. बायकांनी स्टेजवर जायचं नाही असा तेव्हा आपल्याकडचा खाक्या, त्यामुळे पुरुषच लुगडी नेसत. बाकीचे नेसत तेव्हा पुरुषच दिसत. श्रीपाद नेसला की पार जुन्या इंदुरातून आलेल्या बायकासुद्धा घरी जाताना म्हणत, “चालावं तर बाई असं!”

ती चाल होती त्याच्या बायकोची, कुमुदिनीची. लुगडंही तिचंच, जांभळ्या काठाचं महेश्वरी नऊवारी. नेसवायचीही तीच. श्रीपाद दोन्ही हात पसरून देवळातल्या मूर्तीसारखा उभा राहायचा आणि ती समोर बसून पुटपुटत निऱ्या घालायची. “श्वास घ्या. आता सोडा. अहो, पोट आत! रोज सराफ्यात कचोऱ्या चेपायला कुणी सांगितलंय?” इतकी वर्षं नेसला, पण नेसायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. गरजच काय पडली होती?

विलीनीकरणाच्या सालीच कुमुदिनी विषमज्वरानं गेली. मागे नऊ वर्षांची पद्मजा. श्रीपादनं लुगडं, गंगावन, खोटी नथ, सगळं एका पत्र्याच्या पेटीत घातलं आणि पेटी कोपऱ्यात सरकवली. नाटक संपलं ते संपलं. विधवा बहीण मंगलाअक्का घर सांभाळायला आली. पद्मजा शहाण्यासारखी वागायची, शाळेत जायची, पण त्या दिवसापासून तिच्या तोंडून ‘आई’ हा शब्द काही निघाला नाही. श्रीपादही तो काढेना. दोघं एकमेकांना जपत होते म्हणा, नाहीतर भीत होते म्हणा.

चारएक वर्षं अशीच गेली. मग एका कार्तिकात ग्वाल्हेरची गाडी भरायची वेळ आली. रिसबुडांच्या घरी पत्र्याच्या दोन पेट्या, दोन्ही फौजेच्या गोदामातून निघालेल्या, दोन्ही हिरव्या. एकीत रजई आणि गरम कपडे. दुसरी ती. गाडीवान म्हणाला, “बाबूजी, कौनसी पेटी?” श्रीपाद त्या कोपऱ्याकडे कधी बघायचाच नाही. त्यानं दुसरीकडे तोंड करून बोट दाखवलं. “अरे वही, भिया, उठा जल्दी!”

झालं! ग्वाल्हेरात पहिली थंडी पडली त्या संध्याकाळी खोलीवर पेटी उघडली, तर वर गंगावन.

श्रीपादला धड हसता येईना की रडता. कुमुदिनी लुगड्यात ठेवायची त्या वाळ्याचा वास तसाच होता. थंडी तर अशी, की दात वाजत होते. शेवटी त्यानं ते नऊवार महेश्वरी लुगडं उलगडलं, दुहेरी केलं आणि अंगाभोवती गुंडाळून खाटेवर बसला. आणि मग मात्र रडला. चार वर्षांचं रडला.

तेवढ्यात खाणावळीतून बंडू परतला. बंडू गोरे, त्याच खात्यातला, त्याच खोलीतला आणि मंडळाचा नाटकं बसवणारा. दारातून आधी खो खो हसला, मग त्याला श्रीपादचं तोंड दिसलं. स्टोव्ह पेटवून त्यानं चहा टाकला. दोघं प्याले. मग हा म्हणतो कसा, “श्रीप्या, पेटी आपल्या पायानं चालत आलीय, भिया. ऊठ, नेसून दाखव.”

“येत नाही मला.”

“चल, झूठा!”

पण खरंच येईना. कासोटा सुटायचा, निऱ्या ओघळायच्या. इतक्या वर्षांच्या नायिकेला लुगडं नेसता येत नाही, म्हणून बंडूनं पोट धरधरून हसून घेतलं. श्रीपादला झोंबलं ते. अक्कानं कुणाबरोबर तरी रजई धाडली, तरी त्यानं लुगडं पेटीत टाकलं नाही. रविवार आला की दार लावून नेसायला बसायचा. तिची पुटपुट आठवायची, एकेक शब्द. श्वास घ्या. आता सोडा. होळीच्या सुमाराला एकदा कासोटा बसला, पक्का बसला, आणि त्याला वाटलं आता समोरून ती म्हणेल, ‘जमलं हो!’ कुणी म्हणालं नाही. तरी त्या दिवशी तो खाणावळीत दोन पोळ्या जास्त जेवला.

इंदूरला परत आल्यावर बंडूनं गणपतीचं नाटक काढलं. वाया गेलेल्या मुलाची आई, हे काम श्रीपादला. “नायिका व्हायचं वय राहिलं नाही तुझं. टक्कल बघ.”

तालमी सुरू झाल्या. श्रीपाद माजघरात चालून बघायचा आणि पद्मजा वही-पुस्तक उचलून अक्काच्या स्वयंपाकघरात निघून जायची. आता तेरा वर्षांची झाली होती. लाजत असेल पोर, शाळेत मुली चिडवत असतील. असं त्याला वाटायचं. एकदा त्यानं विचारलं, “नको करू का मी हे?” तर ती नुसती मान हलवून गेली. हो की नाही, ते कळलंच नाही. तो तडक बंडूकडे गेला. “मला नाही जमायचं. पोरीला त्रास होतोय.”

“पोरीनं सांगितलं तसं?”

“ती काही सांगतच नाही ना!”

“मग तूच कशाला तिच्या वतीनं बोलतोस? घोडामैदान जवळच आहे. कर एकदा.”

प्रयोगाच्या संध्याकाळी अक्का म्हणाली, “पद्मजा नाही म्हणतेय यायला.” रंगपटाच्या कोपऱ्यात एकटाच उभा राहून श्रीपादनं लुगडं नेसलं. नाटकातली आई घरची कर्ती, म्हणून शेवटी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. घरचाच जुडगा, कुमुदिनीचा.

तिसऱ्या अंकात मुलगा रिकाम्या हातानं घरी येतो आणि आई त्याला फैलावर घेते. पहिली दोन वाक्यं श्रीपादनं तालमीसारखी म्हटली. मग काय झालं कोण जाणे. त्यानं पदर खसकन कमरेला खोवला, हनुवटी वर केली, किल्ल्या खुळखुळल्या आणि स्टेजवर चक्क कुमुदिनी उभी राहिली. दूधवाल्याशी भांडताना उभी राहायची तशी. मांडव चिडीचूप झाला. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिस्सकन हसलं.

रडवायच्या जागी हसू! संपलं, वाटलं श्रीपादला. कसाबसा अंक पार पाडला. पडद्यामागे बंडूनं मिठी मारली, लोक ‘वाह भिया, वाह’ करत आत घुसले, पण ह्याच्या कानात ते एकच हसू. गंगावन काढून तो ट्रंकेवर बसून राहिला.

गर्दी पांगली, तर समोर पद्मजा. डोळे सुजलेले, नाक लाल.

“तू आली होतीस?”

“अक्काच्या मागे बसले होते.”

“हसली कोण गं?”

“मीच. तुम्ही हनुवटी वर केलीत ना, आता माझ्यावरच ओरडणार असं वाटलं.” मग मास्तरणीच्या आवाजात, “पण बाबा, चुकलं तुमचं. आई किल्ल्या डावीकडे खोचायची.”

आई. श्रीपादनं मान खाली घालून बघितलं. किल्ल्या उजवीकडे होत्या. खरंच की. ती नेहमी त्याच्या समोर उभी असायची. तिची डावी बाजू तेवढी त्याच्या उजवीकडे पाठ झाली होती.

“आईनं नेसवलेलं मी दर वेळी बाजूला बसून बघायचे,” पद्मजा म्हणाली. “कासोटासुद्धा सैल झालाय. उद्या आहे ना पुन्हा प्रयोग?”

“आहे.”

“मग उद्या मी नेसवीन. उठा, हात पसरा बघू.”

श्रीपाद उठला. दोन्ही हात पसरून उभा राहिला. पोरीनं त्याच्या कमरेचा जुडगा ओढून काढला, वळसा घालून डावीकडे आली आणि नीट खोचून दिला. “श्वास घ्या,” ती म्हणाली.