पडद्याला वन्स मोअर

मुलांनो, जुन्या संगीत नाटकावरचा सिनेमा पाहायला मी सोलापुरात एकटीच गेले होते. शेजारी दुधनीहून आलेले एक धोतरवाले गृहस्थ होते. नायिकेचं पद संपताच ते उभे राहून ओरडले, "वन्स मोअर!" नाटकात अशी दाद मिळाली की पद पुन्हा गातात. इथे मात्र पुढचा प्रसंग सुरू झाला.

मागून एक मुलगी म्हणाली, "आजोबा, पडद्याला ऐकू येत नाही!" सगळे हसले. ते शांतपणे खाली बसले.

सिनेमा संपल्यावर ते तिकीट खिडकीपाशी दिसले. "पुन्हा?" मी विचारलं.

"पद लई चांगलं झालं की, ताई. ती पुन्हा गाईना, तर मीच पुन्हा येतो."

"आणि तुमची एसटी?"

"सकाळची हाय की!"

त्यांचं मला पटलं. मीही तिकीट काढलं.