दहा लाख एक

सरांनी माझी वही दोन बोटांच्या चिमटीत उचलली आणि अख्ख्या क्लासला दाखवली.

"हे बघा. मॅडमनी माझी चूक काढलीये."

पोरं हसली.

मी नववीत होते. कल्याण पूर्वेचा क्लास, हुशार मुलांची बॅच. आदल्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलेलं, १०,००,००१. म्हणाले, ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेच भाग जात नाही.

मला पटलं नव्हतं. संध्याकाळी विठ्ठलवाडीच्या आमच्या खोलीत पप्पांसोबत बसले. पप्पा कंत्राटावर गटारं साफ करतात. दहावी झालेत. गणित त्यांचं आवडीचं. दोघं भागत सुटलो. सातने नाही. अकराने नाही. तेराने नाही. त्रेचाळीसला मी पेन टाकलं. पप्पा म्हणाले, "अजून एक बघ." दर वेळी तेच, अजून एक. शंभरच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या संपल्या. मग एकशे एक घेतली. भागाकार नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य. पप्पांनी टाळ्याच वाजवल्या.

आणि आता सर विचारत होते, "कोणाकडून उतरवलंस?"

"घरी केलं सर."

"घरी? तुमच्यात कोणाला येतं गं हे? बापाला?"

परत हशा. पप्पा काय काम करतात ते सगळ्यांना माहीत होतं. मला एकटं पडायचं नव्हतं. मीपण हसले. म्हणाले, "त्यांना कसलं येतंय सर. शेजारच्या दादाने सांगितलं."

दारात पप्पा उभे होते. मला न्यायला, कामावरून थेट. अंगात ते नारिंगी जाकीट.

चालत घरी जाताना एवढंच बोलले, "ती नऊ हजार नऊशे एकपण तपासून बघ. मला वाटतं, तीच खरी मूळ आहे."

मी तपासली. त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर बसलेच नाही. सरळ फळ्याकडे गेले. खडू घेऊन अख्खा भागाकार मांडला.

"सर, काल मी खोटं बोलले. हे पप्पांनी आणि मी केलंय. तुम्ही चुकलात."

"जागेवर जा."

"'तुमच्यात' म्हणालात, ते आधी मागे घ्या."

"उद्यापासून यायचं नाही."

"नाहीच येणार."

दप्तर उचलून निघाले. पण दार रिकामं होतं. पप्पांनी ऐकलं ते कालचंच.

घरी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे गं." त्यांनी सोडून दिलं. मला ते जमलेलं नाही. सरांनी अपमान केला, हे खरं. पण घाव माझ्या तोंडून बसला.

आता मी कॉलेजात गणितच शिकते. कोणी विचारतं, घरी कोणाचं गणित चांगलं? मी पप्पांचं नाव सांगते. काम सांगते. आडनावही सांगते, मोठ्याने. समोरच्याचा चेहरा बदलला, तर परत एकदा सांगते.