मावशींची गुप्त गोधडी

आमच्या महिला मंडळात खोटं बोलायला सक्त मनाई आहे, आणि त्या मंडळातल्या गुप्त कामांची प्रमुख मी आहे.

अर्थात असं पद आमच्या घटनेत नाही. (आम्हाला घटनाही नाही.) मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ, आणि बहरीनमधली आमची मेनोनाइट मंडळी म्हणजे सगळी मिळून अकरा घरं. एका मोठ्या चर्चच्या मागची खोली आम्हाला शुक्रवारी मिळते, कारण इथे सुट्टी शुक्रवारी आणि म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच येतो. मेनोनाइट माणूस शपथ घेत नाही. त्याचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, तेव्हा शपथेची गरजच पडू नये, असा हिशेब. मी नगरकडची, लग्न करून या मंडळीत आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी स्वतः केलेल्या दोडक्याच्या भाजीबद्दल मला विचारलं, "चांगली झालीय का गं?" तेव्हापासून मी सत्याच्या बाबतीत जपून असते.

आमचं महिला मंडळ दर मंगळवारी दुपारी गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटवर भरतं. प्रार्थना होते, गाणी होतात, कोण बाळंतीण आहे, कोणाकडे डबा पोचवायचाय हे ठरतं, आणि मग शिवण निघते. दरवर्षी आम्ही सात जणी मिळून एक गोधडी शिवतो आणि गरजूंसाठी देतो. प्रत्येकीने कापडाचे चौकोन आणायचे, त्यातल्या एकावर आपलं नाव दोऱ्याने भरायचं, मग सगळे चौकोन जोडून खाली अस्तर लावायचं आणि हाताने धावदोरा घालायचा. नाव अशासाठी की पांघरणाऱ्याला कळावं, आपल्यासाठी कुणीतरी बसून टाके घातलेत.

या सगळ्याच्या सूत्रधार एस्तेर मावशी. मूळच्या चंद्रपूरच्या. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत एका शिवणाच्या दुकानात चोवीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. एकट्या राहायच्या, माहूजला एका खोलीत. मंडळाच्या प्रत्येक गोधडीचा शेवटचा टाका त्यांचा, आणि ती नेऊन देण्याचा मानही त्यांचाच. एकदा त्या तापाने पडल्या म्हणून मी डबा घेऊन गेले, तर बाई एका विरलेल्या चादरीवर स्वेटर टाकून झोपलेल्या. मी विचारलं, मावशी, तुमची गोधडी? त्या म्हणाल्या, अगं, माझी कुठली? मी शिवते ती द्यायची असते.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यामुळे जानेवारीत त्यांचा व्हिसा संपणार आणि त्या कायमच्या गावी जाणार असं कळलं, तेव्हाच मी ठरवून टाकलं. या वर्षीची गोधडी मावशींची. निरोपाच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर द्यायची, आणि तोपर्यंत त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. बाकीच्या पाच जणी लगेच तयार झाल्या. आणि लगेच अडचणही लक्षात आली, की धावदोरा सरळ घालता येणारी आमच्यात एकच बाई आहे. ती म्हणजे मावशी.

थोडक्यात, मावशींना मावशींचीच गोधडी मावशींच्या नकळत शिवायला लावायची होती, आणि तेही खोटं न बोलता!

मी रात्रंदिवस विचार करून नियम काढला. खोटं बोलायचं नाही, पण उत्तरही द्यायचं नाही. मावशींनी अडचणीचा प्रश्न विचारला की चहा पुढे करायचा. चहा पुढे आला की माणूस आधी चहा घेतो, हा माझा अनुभव होता. नियम मी पाचही जणींकडून घटवून घेतला. घरात बोलता बोलता कुठे फुटू नये म्हणून नवऱ्याला सांगितला, आणि तेरा वर्षांच्या रियालाही पढवला. रिया इंग्रजी शाळेत शिकते, मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. ती म्हणाली, "सो इट्स लाइंग, बट विथ टी." मी तिला अभ्यासाला पाठवलं.

पहिल्याच मंगळवारी मावशींनी विचारलं, यंदाची गोधडी कुठे पाठवायची गं? मी चहा आणला. पुढच्या मंगळवारी त्यांनी विचारलं, आपण पाठवायची तारीख अजून का ठरवली नाही? पुन्हा चहा. एकीने घाबरून न विचारलेल्या प्रश्नालाही चहा ओतला. तिसऱ्या मंगळवारी मावशी म्हणाल्या की हल्ली तुमच्याकडे आलं की रात्री मला झोप येत नाही, आणि माझ्या नवऱ्याने महिन्याची साखर दहा दिवसांत कशी संपली याची चौकशी सुरू केली.

मधल्या काळात माझा चौकोन हा एक वेगळाच विषय झाला होता. माझं नाव सुनंदा. अक्षरं भरताना मी 'सु' जोशात काढते, 'नं' पर्यंत जागा कमी पडू लागते आणि 'दा' अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसतो. शिवाय मी कापड मांडीवर घेऊन शिवते. पहिला चौकोन पुरा करून मी चहा टाकायला उठले, तर चौकोनही माझ्याबरोबर उठला. मी तो माझ्या गाऊनला शिवला होता. उसवायला बसले तर टाके इतके घट्ट (माझे टाके नको तिथेच घट्ट बसतात) की शेवटी गाऊनचा तेवढा तुकडाच कापून काढावा लागला. मावशींनी तो जाडजूड प्रकार उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "हे पांघरणाऱ्याच्या अंगाला टोचेल. बिचारी कोण असेल कुणास ठाऊक, तिला कशाला शिक्षा?"

आता काय सांगणार त्या बिचारीला? मी चहा आणला. तो चौकोन शिवणाच्या डब्यात तळाशी गेला. दुसरा चौकोन मावशींनी उसवला. तिसराही उसवला. चौथा त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि मान हलवली. मी त्याला होकार समजले आणि पटकन जोडून टाकला.

गोधडी मात्र सुरेख झाली. निरोपाच्या आठवड्यातल्या मंगळवारी शेवटचा टाका पडला. निळे, गेरूच्या रंगाचे, पिवळे चौकोन, सात नावं, आणि सगळ्यावरून मावशींचा धावदोरा, मुंग्यांची रांग जावी तसा. मावशींनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, या हातांची ही शेवटची. मला तिथल्या तिथे सांगून टाकावंसं वाटलं. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. शुक्रवार म्हणजे शुक्रवार. मी गोधडी घडी करून सोफ्याच्या मागे ठेवली.

गुरुवारी सकाळी मी कामावर होते. एका दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. रिया परीक्षेच्या सुट्टीमुळे घरी होती. दुपारी घरी आले, सहज सोफ्यामागे वाकले, आणि तशीच वाकलेली राहिले. मागे फक्त भिंत होती.

"रिया, गोधडी?"

"एस्तेर मावशी टुक इट."

"कुठे नेली?"

"शी सेड, गरजूंची आहे ना, तर मी आजच देते. देन शी आस्क्ड मी, इज इट ओके?"

"मग तू काय सांगितलंस?"

रियाने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. "नथिंग. आय गेव्ह हर टी."

मुलगी आयुष्यात पहिल्यांदा आईचं शब्दशः ऐकते, आणि ते असल्या वेळी. मी तिला रागावूही शकले नाही.

पुढची हकीकत तिच्याकडूनच कळली. आमच्या खालच्या मजल्यावर रेहाना नावाची एक मुलगी नुकतीच राहायला आली होती. रत्नागिरीकडची, नवरा एका ऑफिसात क्लार्क, कडेवर चार महिन्यांचं बाळ. मावशींची तिची ओळख लिफ्टमध्ये झाली. सामान अजून बोटीत अडकलेलं आणि फरशीवर एक पातळ गादी, एवढं मावशींनी दोन मजले चढेपर्यंत काढून घेतलं होतं. बहरीनमध्ये थंडी पडते हे गावाकडे कुणाला पटत नाही, पण जानेवारीत फरशी पायाला चटका लावते. इतक्या लांब कुठे पाठवण्यापेक्षा, मावशींनी विचार केला, गरज खालीच आहे. त्यांनी गोधडी उचलली आणि एक मजला उतरून देऊन टाकली.

मी तडक खाली निघाले. जिन्यात वाक्यं जुळवली. ती गोधडी चुकून आली, मी तुम्हाला दुसरी देते, माझ्याकडची नवी कोरी दोन ब्लँकेटं देते. सगळं खरं होतं. मावशी परवा शनिवारी विमानात बसणार होत्या आणि त्यांना रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. बेल वाजवली तेव्हा मी चांगलीच हट्टाला पेटले होते.

रेहानाने दार उघडलं. आत गोधडी पसरलेली, त्यावर बाळ पालथं पडून गेरूच्या रंगाचा एक कोपरा चोखत होतं. तिने मला आत बसवलं आणि म्हणाली, "तुमीच सुनंदाताई ना? मी वळखलंव. तुमचा नाव खाली घसरलाय." वरच्या मजल्यावरची सुनंदा ती मी, हे मावशींनी तिला सांगून ठेवलं होतं.

मी म्हटलं, हो, तीच मी. मग ती एकेका चौकोनावर बोट ठेवून सातही नावं वाचत गेली आणि कोण कुठे राहतं ते विचारत राहिली. म्हणाली, इथे येऊन तीन आठवडे झाले, माणसांची नावं म्हणून पहिल्यांदा हीच कळली. मग तिने विचारलं, "ताई, काही काम होता काय?"

जिन्यातली सगळी वाक्यं माझ्याजवळ तयार होती. ती खरी होती, म्हणजे बोलायला हरकत नव्हती. बाळाने कोपरा सोडला आणि माझ्या 'दा' ला तोंड लावलं. मी म्हणाले, "काही नाही गं. चहा घ्यायला आले."

तिने आलं घालून फार चांगला चहा केला. मी तो सगळा प्यायले आणि वर आले.

शुक्रवारी चर्चच्या मागच्या खोलीत निरोपाचा कार्यक्रम झाला. टेबलावर केक होता, सामोसे होते, आणि मधोमध गोधडीसाठी राखलेली मोठी रिकामी जागा होती. पाच जणी माझ्याकडे बघत होत्या. मी त्या जागेवर कागदी प्लेटा पसरून ठेवल्या. मावशींनी सगळ्यांचा निरोप घेतला, मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सुनंदा, महिनाभर तू मला चहा पाजतेयस. माझ्यापासून काही लपवलंस का?"

माझा हात सवयीने थर्मासकडे गेला. मावशींनी तो धरला.

"चहा नको. हो की नाही?"

आमच्यात हो म्हणजे हो. मी हो म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. गोधडी कुणाची होती, का लपवली, रियाला काय पढवलं होतं, सगळं. सांगता सांगता मला रडू फुटलं, कारण चोवीस वर्षं लोकांना पांघरूण घालणारी ही बाई माझ्या हुशारीपायी पुन्हा तशीच निघाली होती.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्या बिचारीची मला काळजी होती, ती मीच?" आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की खुर्ची द्यावी लागली. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "परत मागायला गेली होतीस ना खाली?"

"हो."

"मग?"

"चहा घेऊन आले."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही. मग एकदम त्यांना काही आठवलं. "तुझा तो गाऊनवाला चौकोन कुठाय? तो मला दे."

मी म्हटलं, मावशी, तो टोचतो, तुम्हीच म्हणाला होता. त्या म्हणाल्या, पांघरायला टोचतो, मला तो वेगळ्या कामाला हवाय. मी नवऱ्याला घरी पिटाळलं आणि त्याने शिवणाचा अख्खा डबाच उचलून आणला. शनिवारी मावशी विमानात बसल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये आम्हा सात जणींच्या शिवणकामापैकी तेवढा एकच नमुना होता, माझा, गाऊनच्या अस्तरासकट.

गेल्या आठवड्यात चंद्रपूरहून त्यांच्या ओट्याचा फोटो आला. खाली लिहिलंय, जाड असल्यामुळे ओटा पोळत नाही, रोज तुझी आठवण येते. मावशींनी माझा पास केलेला हा पहिला चौकोन. फोटोत 'सु' छान दिसतो, 'नं' ही दिसतो. 'दा' वर चहाचं पातेलं आहे.