पाण्यात हलणारा पाय

आमच्या ह्यांना लकवा मारला तेव्हा उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. शब्द उरले दोन: हाव आणि न्हाई. आयुष्यभर लातूरच्या अडतीवर ओरडून ओरडून डाळीचे भाव ठरवणारा माणूस. लोक भेटायला यायचे, रडायचे. मला रडू येत नव्हतं. भाकरी थापायची, औषध द्यायचं, कूस बदलायची. तव्याचा चटका बसला तरी कळायचा उशिरा. बाई खंबीर आहे म्हणायचे लोक. कसली खंबीर! बधिर झाले होते नुसती.

व्यायाम शिकवणारे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा यायचे. अंगणातला पोहण्याचा तलाव पाहून ते म्हणाले, "पाण्यात उतरवून बघा, पाण्यात पायाचं वजन लागत नाही." तलाव ह्यांनीच बांधला होता, नातवंडं येतील म्हणून. ज्या गावाला एकेकाळी रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ह्यांचा तलाव! तेव्हा गल्ली हसली होती. नातवंडं दोनदा आली, नंतर ताडपत्री पडली ती पडलीच. ती काढली, तलाव भरला, शेवाळावर औषध टाकलं. पाणी हिरव्याचं पांढरं झालं आणि ताकासारखं गढूळच राहिलं. म्हटलं राहू दे, काय प्यायचंय का!

मदतीला येणारे मामा ह्यांना उचलून पायरीवर बसवायचे, छातीएवढ्या पाण्यात. मग ते तिकडं पेरूखाली पाठ करून तंबाखू मळत बसायचे आणि मी पाण्यात ह्यांचे खांदे धरून उभी. रोज म्हणायची, "हलवा." एक दिवस उजव्या पायाचा अंगठा पाण्याच्या वर आला. खरंच आला! मी इतकी ओरडले की मामा चपला सोडून धावले. त्या दिवशी मी गल्लीभर पेढे वाटले. मग रोज अंगठा वर यायचा. दिवसभरात तेवढंच मला काहीतरी वाटायचं. बाकी सगळा दिवस मेल्यासारखा. जमिनीवर मात्र तो पाय हलायचा नाही. डॉक्टर म्हणायचे, पाण्यात हलत असेल तर चांगलंच आहे, सोडू नका.

मग ह्यांच्या पाठीवर पुरळ उठलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "पाणी नितळ करा, नाहीतर पाण्यात उतरवणं बंद." पाणी बंद म्हणजे अंगठा बंद. मी पदर खोचला.

तलावाच्या मागं फिल्टर आहे. पिंपाएवढा गोल डबा, आत वाळू. मोटार पाणी वरून ढकलते, घाण वाळूत अडकते, स्वच्छ पाणी खालून तलावात. वाळू घाणीनं भरली की डब्यावरचा दाबाचा काटा चढतो. मग दांडा फिरवून पाणी उलटं सोडायचं, म्हणजे घाण धुऊन बाहेर गटारीत जाते. बॅकवॉश म्हणतात त्याला. मी दिवसाआड करत होते, तरी पाणी ताकच. मी फिल्टरकडं निघाले की खुर्चीतून हे म्हणायचे, "न्हाई." काय न्हाई? बाईमाणसानं मोटारीला हात लावू न्हाई का काय? मी लक्ष दिलं नाही.

नांदेडच्या दिरांना फोन केला. त्यांचा वाळू-सिमेंटचाच धंदा. म्हणाले, "वैनी, वाळू मेली असंल, बदला. मी पाठवून राहिलो ना, गोदावरीची हाय, चाळून देतो." टेम्पोनं वाळू आली. मामांनी पातेल्यानं जुनी उपसली, नवी भरली. मोटार लावली आणि तलावात चहा झाला. घर बांधायची वाळू ती, निम्मी मातीच! दिरांना सांगितलं तर म्हणतात, "गोदागंगेची हाय वैनी, असं कसं करंल?" कप्पाळ माझं! पुन्हा उपसा, पुन्हा भरा. ह्या वेळी दुकानातली धुतलेली, एकसारख्या दाण्याची आणली. काटा जागेवर आला. पाणी थोडं निवळलं, तळ अंधूक दिसायला लागला आणि संध्याकाळी पुन्हा ताक.

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तसं चाललं होतं. मी दोन दिवस तलावाशेजारी तांदूळ निवडत बसले आणि नुसती बघत राहिले. पाणी सकाळी बरं असायचं. फिल्टरशेजारच्या हौदातून मोटारीनं, कमी झालेल्या पाण्याची भर घातली की लगेच गढूळ व्हायचं. म्हटलं, हौदातच काहीतरी आहे. मामांना दांडा फिरवून बॅकवॉश लावायला सांगितलं आणि मी भिंतीमागं गटारीवर जाऊन उभी राहिले. गटार कोरडी ठाक. मग एवढं पाणी जातंय कुठं? परत येऊन हौदाचं झाकण उचललं. आत धो धो पांढरं पाणी पडत होतं. आम्ही वाळू धूत होतो आणि तेच धुवण पुन्हा तलावात ओतत होतो.

बॅकवॉशचा पाइप हौदात ह्यांनीच जोडून घेतला असणार. मला रागही आला नाही. आमच्या गावात पाणी फेकतं कोण? तांदळाचं धुवण कढीपत्त्याला जातं, अंघोळीचं संडासात जातं. पाहुण्यानं अर्धा तांब्या सांडला तर मीसुद्धा कपाळाला आठ्या घालते. मीही तसाच पाइप जोडला असता.

मामा करवत घेऊन पाइप कापायला बसले तर हे खुर्चीत ताठ झाले. "न्हाई! न्हाई!" तोंडातून लाळ गळतीय, डावा हात खुर्चीवर आपटतायत. मी पण तापले. "पाण्याचा जीव मोठा का पायाचा? एवढा कंजूषपणा तो कशाला?" त्यांनी मान फिरवली. पाइप कापला, तोंड लिंबाच्या झाडांकडं वळवलं, हौद उपसून घासला. आठवड्यात पाणी असं निवळलं की तळाच्या फरशीची एकेक सांध दिसावी.

त्या सकाळी हे उतरायलाच तयार नव्हते. न्हाई, न्हाई. मी म्हटलं, गार लागेल म्हणून असेल. मामांनी नेहमीसारखं पायरीवर बसवलं आणि ते पेरूखाली गेले. मी खांदे धरले. "हलवा."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मी खाली बघितलं. डावा पाय हळूच सरकला, उजव्या घोट्याखाली गेला आणि त्यानं उजवा पाय वर उचलला. अंगठा पाण्याच्या वर आला. रोज यायचा तेवढाच.

पेढे मी वाटले होते. त्यांनी पाहिलं होतं मला वाटताना.

मी म्हणाले, "अहो, आला की वर." आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला. हे आपल्या पायांकडं बघत होते. "न्हाई," ते म्हणाले. ह्या वेळी हळू म्हणाले. त्यांनी डावा पाय काढून घेतला. उजवा सावकाश खाली गेला आणि फरशीला टेकला. आम्ही दोघंही बघत होतो. मला रडू आलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तशीच उभी राहिले.

पेरूखालून मामांनी आवाज दिला, "हलला का, बाई?"

"हाव," मी म्हणाले. "हलला."